घरी माझा माणूस आहे

उस्तादांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि कारागीर एकच. दुसरी खुर्ची कशाला ठेवलीय असं कुणी विचारलं की ते म्हणत, "एकीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर त्याच्या गप्पा." गल्लीत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. हे नाव साहेबांनी ठेवलेलं. साहेब म्हणजे सलूनच्या वर राहणारे त्यांचे भाडेकरू. रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचायचे. त्यांचा आवाज अख्ख्या शहराला माहीत होता आणि चेहरा फक्त गल्लीला.

साहेब पहिल्यांदा आले ते दाढी करायला. दोघंही तेव्हा ऐन तिशीत होते. उस्तादांनी वस्तरा गळ्याला लावला तरी साहेबांची बडबड थांबेना, तेव्हा उस्ताद म्हणाले, "साहेब, बातम्या नंतर. आत्ता गळा माझ्या ताब्यात आहे." साहेब इतके हसले की हनुवटीला कापलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, मग रोजच येऊ लागले. रोज करावी एवढी त्यांची दाढी दाट नव्हतीच. वर्षभरानं ते दोन सुटकेसा घेऊन वरच्या मजल्यावर राहायला आले आणि उस्तादांनी गल्लीला सांगितलं, एक खोली भाड्यानं दिलीय.

गल्लीनं ते मानलं. म्हणजे मानल्यासारखं केलं. भाडेकरूचा स्वेटर मालकाच्या अंगावर दिसला तरी कुणी काही बोलत नसे. समोरच्या बेकरीवाल्या काकू तेवढ्या पुडा बांधताना न चुकता म्हणायच्या, "दोन पाव जास्त टाकलेत, भाडेकरूही खाईल."

वर त्यांचा संसार चारचौघांसारखाच चालला होता. साहेब ओला टॉवेल पलंगावर टाकायचे, उस्ताद त्यावरून डोकं खायचे. उस्ताद बोलताना शब्द खायचे, साहेब ते दुरुस्त करायचे. भांडण झालं की साहेब शुद्ध बोलू लागत आणि उस्ताद मुके होत. मग कधीतरी उस्ताद ब्रश साबणात घोळवून खुर्चीमागे उभे राहत. भांडण मिटलं म्हणून वेगळं सांगायला लागत नसे.

त्या काळी दोन पुरुषांचं लग्न ही गोष्ट कुणी चेष्टेतसुद्धा काढत नसे. पुढं कायदा बदलला. साहेब तोवर निवृत्त झाले होते आणि ही बातमी आपल्याला वाचायला मिळाली नाही याची त्यांना फार रुखरुख लागली. म्हणून सकाळचं वर्तमानपत्र हातात धरून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ती त्यांनी रेडिओच्या आवाजात वाचली. शेवटी म्हणाले, "बातम्या संपल्या."

उस्ताद कांदा चिरत होते. "मग? करायचं?"

"आता? या वयात नवे कपडे घालून उभं राहायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, मालकानं भाडं वाढवलं म्हणून भाडेकरूनं लग्न केलं."

दोघं पोट धरून हसले. थंडी सरली की करू, असं ठरलं. मग उस्तादांचा गुडघा सुजला, मग छत गळायला लागलं. कुरकुरणाऱ्या बिजागरीला उद्या तेल घालू असं माणूस रोज म्हणतो आणि ती तशीच कुरकुरत राहते, तसं ते राहून गेलं. घाई कसली होती? कुठं कुणी पळून चाललं होतं?

त्याच सुमाराला साहेबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, तो कोण तो नट, असलं साधं. मग एकदा नळ चालू ठेवून ते फिरायला गेले आणि पाणी जिन्यावरून सलूनमध्ये आलं. मग एका सकाळी ते खाली उतरले, दारातल्या बाकावर बसले आणि उस्तादांना म्हणाले, "किती वेळ लागेल तुम्हाला? मला जरा घाई आहे."

उस्तादांना वाटलं, गंमत करतायत. त्यांनीही झोकात सांगितलं, "बसा, तुमचाच नंबर आहे." पण साहेब खुर्चीत बसले, आरशात पाहिलं आणि परक्या सलूनमध्ये बसतो तसे हात मांडीवर घेऊन गप्प राहिले. 'तुम्हाला' हा शब्द उस्तादांच्या कानात दिवसभर राहिला. इतक्या वर्षांत साहेबांनी त्यांना अहो-जाहो कधी केलं नव्हतं, रागावल्यावरसुद्धा नाही.

त्यानंतर कधी तू, कधी तुम्ही असं चालू झालं. तू आला की उस्तादांचा दिवस चांगला जायचा. पुढं तू येईनासाच झाला.

मग साहेब जिन्यावरून पडले. इस्पितळात खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"घरमालक," उस्ताद म्हणाले.

विचार करून म्हणाले असं नाही. पंचवीस-तीस वर्षं विचारील त्याला हेच सांगून जीभ तशी वळली होती. दहा पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते परत वळले. पण रांग मोठी होती, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत खिडकीतल्या माणसानं साहेबांच्या खिशातल्या डायरीतून ताईंचा नंबर काढून फोन लावलासुद्धा होता. "नातेवाईक येतायत त्यांच्या," तो म्हणाला. "तुम्ही गेलात तरी चालेल."

ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. दुसऱ्या शहरात राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाई ताठ, बोलणं मोजकं. भावाकडं त्या वर्षातून एकदा यायच्या, सलूनच्या बाहेरूनच "आहे का वर?" असं विचारायच्या. उस्तादांना त्या कुठल्याच नावानं हाक मारत नसत. "ऐकताय का" किंवा "अहो, जरा" यावर त्यांचं भागायचं.

इस्पितळात डॉक्टरांनी जे विचारायचं ते ताईंना विचारलं. जिना चढायचा नाही, एकटं सोडायचं नाही, चोवीस तास माणूस हवं. उस्ताद म्हणाले, "मी आहे की." ताई म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर खाली. वर काय झालं ते तुम्हाला कळणार कसं? परवा कळलं का?"  ताईंनी शहराच्या टोकाच्या एका वृद्धाश्रमात भावाची सोय केली. वाईट जागा नव्हती ती. खिडक्या मोठ्या, बाहेर झाडं. पण भेटायला रोज जायचं ते फक्त नातेवाइकांनी. बाकीच्यांसाठी रविवारी एक तास, तोही नातेवाइकांची परवानगी असेल तर. ताईंनी परवानगी दिली होती. तेवढ्या त्या रीतीच्या होत्या.

उस्ताद रविवारी जायचे. साहेब नम्रपणे विचारायचे, "आपण कोणाकडे आलात?"

सलून बंद करून वर गेलं की घर खायला उठायचं. पलंगावर ओला टॉवेल नसायचा. उस्ताद रागावायचे कुणावर? एकदा त्यांनी स्वतःच टॉवेल पलंगावर टाकून पाहिला आणि मग आपल्याच मूर्खपणाची लाज वाटून उचलला.

वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई फटकळ पण मनानं चांगल्या होत्या. एका रविवारी त्या व्हरांड्यात कुणावर तरी कडाडत होत्या, कारण केस कापायला येणारा माणूस न सांगता यायचा बंद झाला होता आणि "सगळ्यांची जनावरं झालीयत". उस्तादांनी पुढं होऊन सांगितलं, मी करीन. सोमवारी सलून बंदच असतं. गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं.

"दोनदा येणार आठवड्यातून?" मेट्रनबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "या मग. कारागिराला परवानगी लागत नाही."

अशा रीतीनं उस्ताद साहेबांना रविवारखेरीजही भेटू लागले. आधी बाकीच्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या उरकायच्या आणि साहेबांना शेवटी घ्यायचं, म्हणजे वेळ जास्त मिळतो. गरम पाण्याचा टॉवेल तोंडावर ठेवला की साहेबांचे खांदे सैल पडत. हात ओळखीचा आहे हे त्यांच्या कातडीला कळत असावं, एवढंच. तोंडानं ते "जरा कल्ले बघा" असं कुठल्याही गिऱ्हाइकासारखं म्हणत.

एका सोमवारी साबण लावताना साहेब म्हणाले, "हात हलका आहे तुमचा. पण खरं सांगू, राग मानू नका. मला दुसऱ्या कुणाकडून दाढी करून घ्यायची सवय नाही."

"का बरं?"

"घरी आहे ना एक. तोच करतो माझी."

उस्तादांचा ब्रश थांबला. "घरी कोण आहे?"

"माझा माणूस," साहेब म्हणाले. "सलून आहे त्याचं. खडूस आहे. टॉवेल इथं टाकू नको, दिवा बंद कर, दिवसभर हेच. पण माणूस सोन्यासारखा. मला न्यायला येणार आहे. कामातून सुटला की येईल."

उस्तादांनी ब्रश खाली ठेवला आणि ते हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते. बराच वेळ नळ चालू ठेवून ते उभे राहिले. समोरासमोर साहेबांनी त्यांना सोन्यासारखा वगैरे कधी म्हटलं नव्हतं. म्हणाले असते तर उस्तादांनीच विचारलं असतं, काय पाहिजे तुला? परत येऊन त्यांनी दाढी केली, तुरटी फिरवली आणि आरसा पुढं धरला. घरी जाताना त्यांना त्या घरच्या माणसाचा चक्क हेवा वाटत होता. त्याची कुणीतरी वाट पाहत होतं.

मग प्रत्येक खेपेला उस्ताद तेच विचारू लागले आणि साहेब सांगू लागले. तो माणूस झोपेत कसा बडबडतो, शब्द कसे खातो, चहा किती कडक करतो. कधी कधी त्यात अशाही गोष्टी निघत, ज्या उस्तादांना साहेबांच्या लक्षात असतील असं वाटलं नव्हतं. हे असं चाललं असतं तरी उस्तादांची तक्रार नव्हती.

पण ताईंचा निरोप आला. मेट्रनबाईंनी सांगितला. ताई आता भावाला आपल्या शहरात नेणार होत्या. त्यांच्या घराजवळ तसाच एक आश्रम होता, तिथं जागा झाली होती. पुढच्या महिन्यात.

उस्तादांकडं बॉयकट करून घ्यायला एक वकीलबाई यायच्या. कायदा बदलला त्याच वर्षी त्यांनी आपल्या मैत्रिणीशी लग्न केलं होतं आणि पेढीवर दोघींच्या नावांची नवी पाटी लावली होती. केस कापता कापता उस्तादांनी त्यांना आपलं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगितलं, आणि तेही आरशातून, मागं उभं राहून. तसं सोपं गेलं.

वकीलबाई अर्धवट कापलेल्या केसांनिशी तशाच वळून बसल्या. "लग्न करा की मग! आता करता येतं. जोडीदाराचा शब्द बहिणीच्या आधी. त्यांना कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवाल."

"आणि नुसतं एवढी वर्षं एकत्र राहिलो ते?"

"त्याला किंमत नाही. असायला हवी, त्यासाठी आम्ही भांडतोय, पण आज नाही. कायद्याच्या आधीची तुमची सगळी वर्षं कागदावर भाडेकरूची आहेत." मग त्या जरा सावरून म्हणाल्या, "नोंदणी अधिकारी वृद्धाश्रमात येतील, ते बघते मी. फक्त साहेबांनी स्वतः, समजून, हो म्हटलं पाहिजे. त्यांना समजतं ना?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे सकाळी. आपण सकाळची वेळ मागू."

लग्नाच्या वेळी म्हणायचं वाक्य वकीलबाईंनी छापून दिलं. गुरुवारी दाढी झाल्यावर उस्तादांनी तो कागद साहेबांच्या हातात ठेवला. साहेबांनी चष्मा लावला, पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि वाचलं, "मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या इच्छेने..." काय आवाज होता तो! एक अक्षर अडखळलं नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. उस्तादांच्या जिवात जीव आला. असं वाचलं तर कुठला अधिकारी शंका घेईल?

वाचून झाल्यावर साहेबांनी कागद ठेवला, समोरची शांपूची बाटली उचलली आणि त्याच आवाजात वाचलं, "थंड व कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये."

उस्तादांनी कागद घडी करून खिशात घातला. घरी जाताना त्यांनी स्वतःची खूप समजूत घातली. हे काही फसवणं नव्हतं. शुद्धीत असते तर साहेब हो म्हणालेच असते, थंडी सरली की करू असं ठरलंच होतं. मग आज त्यांनी नुसतं वाचलं तर कुणाचं काय बिघडतं? हे सगळं पटत होतं. तरी वकीलबाईंना त्यांनी बाटलीचं सांगितलं नाही.

ठरलेल्या सकाळी उस्ताद लवकर गेले. साहेबांची दाढी मन लावून केली, राखाडी कोट घातला, कॉलरवरचे केस झटकले.

"आज कुणाचं लग्नबिग्न आहे का?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं."

"चेष्टा करता गरिबाची," साहेब म्हणाले आणि खुशीत हसले.

नोंदणी अधिकारी सर्दीनं बेजार झालेला एक तरुण माणूस होता. मेट्रनबाई साक्षीदार म्हणून आल्या. वकीलबाई फाइल घेऊन. आणि कायद्याप्रमाणं कळवलेलं असल्यानं ताईही आल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. हरकत घ्यायचा त्यांना हक्क होता. त्या अजून काही बोलल्या नव्हत्या.

अधिकाऱ्यानं नाक पुसून उस्तादांना वाक्य म्हणायला सांगितलं. उस्तादांनी ते म्हटलं. इतकी वर्षं टोकणारा माणूस शेजारी होता म्हणून की काय, एकही शब्द खाल्ला नाही. मग कागद साहेबांकडं गेला.

साहेबांनी पाठ ताठ केली. "मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या इच्छेने..."

अधिकाऱ्यानं मान वर केली. हा आवाज त्यानं लहानपणी ऐकला असणार, कारण तो नकळत सावरून बसला. वकीलबाईंनी उस्तादांच्या हातावर हात ठेवला.

"...माझ्यासमोर उपस्थित असलेल्या या व्यक्तीचा, माझा जोडीदार म्हणून..."

साहेब थांबले. ओळ त्यांनी मनात पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून उस्तादांकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं, आणि कागद टेबलावर ठेवला.

"ही बातमी चुकीची आहे," ते म्हणाले. "मी वाचणार नाही."

 साहेब उस्तादांकडं वळले आणि अगदी मृदूपणे म्हणाले, "माफ करा हं. तुम्ही सज्जन गृहस्थ आहात, मनाला लावून घेऊ नका. पण घरी माझा माणूस आहे. त्याला कळलं तर काय वाटेल त्याला?"

अधिकाऱ्यानं हळूच विचारलं, "कोण आहे घरी?"

"सांगितलं ना, माझा माणूस. खाली त्याचं सलून, वर आम्ही राहतो."

"म्हणजे तुमचं लग्न झालेलं आहे?"

"मग काय," साहेब चिडून म्हणाले, "भाडेकरू आहे का मी?"

वकीलबाई ताडकन उठल्या. "अहो, ते याच माणसाबद्दल बोलतायत! सलून यांचंच आहे. याहून वेगळी संमती काय असते?"

"मला कळतंय, मॅडम." त्या तरुणाचा चेहरा पडला होता. "पण समोर बसलेल्या माणसाला ते नाही म्हणालेत. स्पष्ट, सगळ्यांसमोर. मी हो कसं लिहू?"

"नका लिहू," उस्ताद म्हणाले. "नाही म्हणालाय तो."

आपला आवाज एवढा शांत कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं, कारण कॉलर त्यांना टोचत होती, आणि ते बाहेर आले.

व्हरांड्यातल्या बाकावर ते बसले होते तेव्हा ताई आल्या आणि मध्ये पर्स ठेवून दुसऱ्या टोकाला बसल्या. 

"मला वाटायचं तुम्ही त्याला नादी लावलंय," ताई म्हणाल्या.

"लावलं होतं की. एकट्यानं कुठं लागतो नाद?"

ताईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "तुम्हाला हाक काय मारायची तेच मला कधी कळलं नाही. भावाची बायको असती तर वहिनी म्हटलं असतं. भावाच्या नवऱ्याला काय म्हणतात?"

"शब्दच नाही त्याला. साहेबांनी शोधला होता एकदा. मग म्हणाले, राहू दे, ताईला सुचेल तेव्हा सुचेल."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उस्तादांना वाटलं, आता या म्हणतील, राहू दे त्याला इथंच. 

"मी नेणार आहे त्याला," ताई म्हणाल्या. "रागवा हवं तर. माझे गुडघे गेलेत, इथवर माझ्यानं होत नाही. आणि तो सोडून मला कुणी उरलं नाही."

"मला कोण आहे?"

"तुम्हाला गल्ली आहे, गिऱ्हाइकं आहेत."

"गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की संपलं, ताई. वर मी एकटाच जातो." उस्तादांचा आवाज आता चढला. "तुम्हीही एकट्या, मीही एकटा. तुमच्या एकटेपणाला कायदा विचारतो, माझ्याला विचारत नाही, एवढाच फरक आहे. दार उघडून आत येता तुम्ही, आणि मी वस्तरा घेऊन मागच्या दारानं."

ताईंनी ते ऐकून घेतलं.  उठताना एवढंच म्हणाल्या, "तिकडं तुम्हाला कुणी अडवणार नाही. मी सांगून ठेवीन."

पुढच्या महिन्यात गाडी आली आणि साहेब गेले. गाडीत बसताना त्यांनी उस्तादांना हात केला, ड्रायव्हरला करावा तसा.

त्यानंतर उस्ताद दर सोमवारी बसनं जाऊ लागले. सकाळची पहिली बस, दिवेलागणीला परत. पेटीत ब्रश, साबण, वस्तरा. ताईंनी शब्द पाळला होता. नव्या आश्रमाच्या दारात कुणी काही विचारत नसे. कधी ताईही तिथं असत. भावाच्या पायाशी बसून विणकाम करत आणि दाढी चालू असताना खिडकीबाहेर बघत.

वकीलबाईंनी मधल्या काळात कोर्टात अर्ज केला. कायद्याच्या आधीपासून एकत्र राहिलेल्यांचं नातं धरलं जावं, म्हणून. उस्तादांसारखे बरेच निघाले. एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ते सगळे भेटले, साठी-सत्तरीचे, नीटनेटके कपडे केलेले, एकमेकांशी काय बोलावं ते न सुचणारे. त्यातल्या दोन बायका हातात हात धरून बसल्या होत्या. उस्तादांना त्यांच्याकडं फार वेळ बघवलं नाही. तारीख पुढं गेली. अजूनही जातेच आहे.

साहेबांचं बोलणं हळूहळू कमी झालं. आवाज तोच, पण त्याला द्यायला शब्द कमी पडत. घरच्या माणसाच्या गोष्टीही आटत गेल्या. आधी चहा गेला, मग झोपेतली बडबड. उस्ताद विचारत राहिले आणि दरवेळी थोडं कमी परत मिळत राहिलं. कधी कधी ते स्वतःच सुरुवात करून देत, "तुमचा तो सलूनवाला, फार खडूस ना?" साहेब आठवल्यासारखं करत.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. उस्तादांनी गरम टॉवेल काढला, साबण फिरवला आणि नेहमीसारखं विचारलं, "मग, घरी कोण आहे तुमच्या?"

साहेबांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडेपर्यंत.

"नाही," ते म्हणाले. "घरी कोणी नाही."

उस्तादांनी वस्तरा उचलला. डाव्या कल्ल्यापासून खाली येत, हनुवटीखालून, नेहमीच्या वाटेनं सगळी दाढी केली. कुठं कापलं नाही. तुरटी फिरवली. टॉवेलनं कानामागचं पाणी टिपलं. मग विचारलं, "मी आलो तर चालेल ना पुढच्या सोमवारी?"

"या की," साहेब म्हणाले. "दाढी तर वाढतेच."

साहेबांच्या पायाशी बसलेल्या ताईंनी विणकाम पिशवीत घातलं. त्यांनी ऐकलं होतं सगळं. उस्ताद पेटी घेऊन निघाले तशा त्याही उठल्या आणि गुडघ्यावर हात देत देत त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आल्या. उस्ताद म्हणाले, "कशाला त्रास घेता?"  थांब्यावर दोघं उभे राहिले. ऊन उतरलं होतं. बस आली, उस्तादांनी पेटी आत ठेवली आणि पायरीवर चढले.

"पोचलात की फोन करा," ताई खालून म्हणाल्या.

वाटभर उस्ताद खिडकीशी बसून होते. बाहेर काय होतं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गल्लीत आले तेव्हा दिवे नुकतेच लागत होते. बेकरीवाल्या काकूंनी हाक मारून पाव दिले. दोनच, आता जास्त टाकत नसत. ते जिना चढून वर गेले, दिवा लावला, पेटी जागेवर ठेवली आणि चपला न काढता फोन लावला.

"पोचलो."

"बरं," ताई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "जेवणाचं काय?"

"करतो काहीतरी."

"करा."

 उस्ताद खुर्ची ओढून बसले. पलीकडं ताईंच्या खोलीतलं घड्याळ वाजलेलं ऐकू आलं. फोन कुणीच ठेवला नाही.